जुन्या शीट फिल्म होल्डरमधून प्रकाश गळतोय? लाइट ट्रॅपच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४×५, ५×७ किंवा ८×१० इंची शीट फिल्मवर काम करणाऱ्यांचे बहुतेक होल्डर, म्हणजे फिल्म अंधारात ठेवून कॅमेऱ्याच्या पाठीला लावायच्या चपट्या पेट्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेले असतात. ग्राफ्लेक्स, कोडॅक, अँस्को यांचे लाकडी, फिडेलिटी आणि लिस्कोचे प्लास्टिकचे, आणि आपल्याकडच्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावरून निघालेले हाफ प्लेट-फुल प्लेट या काचेच्या प्लेटच्या मापांचे. हे होल्डर नीट सांभाळले तर आणखी एक पिढी चालतील, असं मला मनापासून वाटतं. त्यात सगळ्यात आधी थकतो तो लाइट ट्रॅप. त्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

लाइट ट्रॅप म्हणजे नेमकं काय, आणि तो झिजतो कसा?

डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं सरकतं काळं झाकण, ओढून काढली की ती ज्या खाचेतून आली ती खाच मोकळी होते. ती त्याच क्षणी आतून मिटली नाही तर बाहेरचा उजेड थेट फिल्मवर जातो. हे मिटवण्याचं काम ट्रॅप करतो. खाचेच्या आत एक पातळ स्प्रिंग असते. जुन्या होल्डरांत ती पितळेच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या पत्र्याची असते, नंतरच्या काहींत पॉलिस्टरच्या पट्टीची. ही पट्टी लांबीत दुमडून तिचा चिमटा केलेला असतो आणि तिच्यावर काळी मखमल चिकटवलेली असते. स्लाइड आत असताना स्प्रिंग दबलेली राहते. स्लाइड निघाली की ती फुलते आणि मखमल समोरच्या भिंतीवर दाबून धरते.

झीज तीन ठिकाणी होते. मखमलीची लव बसते किंवा झडते, आणि ती बहुतेक वेळा पट्टीच्या दोन टोकांना आधी झडते, कारण स्लाइडचे कोपरे तिथेच घासतात. स्प्रिंगचा ताण जातो किंवा ती घडीवर चिरते. आणि गोंद वाळून कोरडा पडतो, मग एखाद्या दिवशी स्लाइडबरोबर मखमलीची अख्खी पट्टी बाहेर येते.

यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची. नुसती मखमल बदलून ताण गेलेली स्प्रिंग तशीच ठेवली तर गळती थांबत नाही.

गळती ट्रॅपमधूनच होते आहे हे कसं ओळखायचं?

होल्डर उघडण्याआधी निगेटिव्ह वाचा. निगेटिव्हवर गळती काळी दिसते, प्रिंटवर पांढरी. पहिला प्रश्न हा, की डाग सगळ्या होल्डरांतून आलेल्या निगेटिव्हवर आहे की एकाच? सगळ्यांवर एकाच जागी असेल तर होल्डर निर्दोष आहेत. भात्याला भोक आहे किंवा कॅमेऱ्याची पाठ नीट बसत नाही. एकाच होल्डरवर असेल तर पुढे जा.

ट्रॅपची गळती स्लाइडच्या हँडलकडच्या कडेपासून सुरू होते. कडेला ती गडद आणि ठसठशीत असते, आत जाता जाता पंख्यासारखी पसरत फिकी होते. डाग कोपऱ्यातून निघत असेल तर मखमलीचं टोक गेलं आहे. पूर्ण रुंदीभर पट्टा असेल तर स्प्रिंगच ढिली आहे. समोरच्या, म्हणजे फिल्म भरण्याच्या टोकाकडून डाग येत असेल तर तिथे उघडणाऱ्या झडपेची कापडी बिजागरी बघा. मध्येच कुठेतरी गोल ठिपका किंवा तिरकी रेघ असेल तर स्लाइडमध्ये सूक्ष्म भोक किंवा तडा असण्याची शक्यता जास्त.

आता हँडलकडची बाजू निगेटिव्हवर ओळखायची कशी? कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. होल्डर उभा घातला असेल आणि हँडल वर असेल, तर ट्रॅपचा डाग छायाचित्रात खालच्या कडेला, जमिनीच्या भागात दिसतो. फिल्म भरताना नॉच (फिल्मच्या कडेला कापलेली ओळखीची खाच) कायम एकाच कोपऱ्यात ठेवायची सवय असेल तर नॉच पाहूनही टोक कळतं. ही सवय नसेल तर आजपासून लावून घ्या, निदानाचं अर्धं काम तिथेच होतं.

फिल्मच्या कडा होल्डरमधल्या, तिला धरून ठेवणाऱ्या रुळांखाली दबलेल्या असतात, तेवढी किनार स्वच्छ राहायला हवी. डागाच्या कडेला रुळाची सावली स्पष्ट दिसत असेल तर फिल्म होल्डरमध्ये असतानाच उजेड लागला. काळेपणा रुळाखालच्या किनारीपर्यंत गेला असेल तर फिल्मचा डबा किंवा भरण्याची खोली तपासा, ट्रॅपला हात लावू नका.

डाग कोणत्या होल्डरचा हे लक्षात कसं ठेवायचं?

झडपेच्या, फिल्मच्या टोकावर येणाऱ्या कडेला कानशीने बारीक खाच पाडा. पहिल्या होल्डरला एक, दुसऱ्याला दोन, पुढे त्रिकोणी आणि चौकोनी असे प्रकार करता येतात. प्रत्येक निगेटिव्हच्या किनारीवर ती खाच छापून येते. स्टिकर गळून पडतात, खाच पडत नाही. दुहेरी (दोन्ही बाजूंना एकेक फिल्म घेणाऱ्या) होल्डरच्या दोन बाजूंना वेगळ्या खुणा करा, कारण ट्रॅपही दोन असतात आणि ते वेगवेगळे झिजतात.

महागडी फिल्म न वापरता तपासणी करता येते का?

येते, आणि तशीच करावी. एन्लार्जिंगचा साधा आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) पेपर होल्डरच्या मापाला कापून घ्या. लाल सेफलाइटमध्ये तो सहज भरता येतो, त्यामुळे आंधळेपणाने चाचपडावं लागत नाही.

दोन चाचण्या वेगवेगळ्या करा, कारण होल्डर दोन अवस्थांत गळू शकतो. पहिलीत दोन्ही स्लाइड पूर्ण आत ठेवून होल्डर उन्हात ठेवा आणि मधून मधून सगळ्या बाजू उन्हाकडे वळवा. यात सांधे, झडप आणि स्लाइड तपासली जाते. दुसरीत होल्डर कॅमेऱ्यात बसवा, लेन्सवर टोपी घाला, स्लाइड पूर्ण काढा आणि हँडलकडची बाजू उन्हाकडे करा. खरा ट्रॅप इथे तपासला जातो. अनेकजण फक्त पहिली चाचणी करतात, पेपर पांढरा निघतो, आणि होल्डर चांगला ठरवून मोकळे होतात.

वेळ भरपूर द्या. पेपरची संवेदनशीलता ढोबळमानाने आयएसओ ६ धरा. ४०० आयएसओच्या फिल्मपेक्षा ती सहा स्टॉप (दर स्टॉपला निम्मी), म्हणजे सुमारे ६४ पट कमी आहे. पेपर दहा मिनिटं उन्हात ठेवला तर तो फिल्मच्या जेमतेम दहा सेकंदांएवढा झाला. म्हणून अर्धा तास तरी ठेवा, आणि पेपरवर अगदी पुसट राखाडी छटा आली तरी ती गळती समजा.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं बसा, डोळे सरावू द्या. मग स्लाइड काढलेल्या होल्डरच्या खाचेशी बाहेरून एलईडी टॉर्च धरा आणि फिल्मच्या बाजूने, तिरक्या नजरेने खाचेत बघा. प्रकाशाची बारीक रेघ कुठे दिसते ते पेन्सिलने खुणावून ठेवा. ही चाचणी मखमल लावल्यावरही हाताशी असते, डेव्हलपर मिसळावा लागत नाही.

होल्डर चाचणीत चांगला ठरला, तरी बाहेर गेल्यावर डाग येतो. असं का?

स्लाइड कशी घालता-काढता ते बघा. स्लाइड परत घालताना तिचा एक कोपरा आधी खाचेत गेला, की त्या कोपऱ्याने स्प्रिंग दाबली जाते आणि बाकीची रुंदी उघडी पडते. तेवढ्या क्षणात उजेड आत जातो. नव्या ट्रॅपमध्येही हे होतं. स्लाइडची पूर्ण कड एकाच वेळी खाचेला टेकली पाहिजे आणि सरळ आत गेली पाहिजे.

दुसरं कारण होल्डर दाबून धरणाऱ्या, कॅमेऱ्याच्या पाठीच्या स्प्रिंगांचं. स्लाइड ओढताना होल्डरही थोडा ओढला जातो, कॅमेऱ्याच्या पाठीपासून केसभर उचलला जातो आणि मधल्या फटीतून उजेड घुसतो. एका हाताने होल्डर दाबून धरा, दुसऱ्याने स्लाइड काढा. होल्डरवर एक आडवी बारीक कड असते, ती पाठीच्या खाचेत बसली की हलका टक्क जाणवतो. तो जाणवल्याशिवाय स्लाइडला हात लावू नये. आणि फोकसिंगचं काळं कापड एक्स्पोजर होईपर्यंत होल्डरवर टाकून ठेवणं ही जुन्या स्टुडिओवाल्यांची पद्धत आजही तितकीच कामाची आहे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर मी ती कधीच टाळत नाही.

साहित्य काय लागतं, आणि ते कुठे मिळतं?

आखूड लवेची काळी सुती मखमल. ताणली जाणारी पॉलिस्टरची मखमल नको. ती खाचेत सरकते, सुरकुतते आणि घासल्यावर स्थिर विजेने धूळ ओढते. मुंबईत मंगळदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रोड, अशा कापडबाजारांत अर्धा मीटर घेतली तर आयुष्यभर पुरेल. दुकानात टॉर्च घेऊन जा आणि मखमलीखाली धरून बघा. वीण विरळ असेल तर उजेड आरपार दिसतो, तो तुकडा घेऊ नका. मागे चिकट थर असलेली मखमल क्राफ्टच्या दुकानांत मिळते, पण तिचा गोंद उन्हाळ्यात मऊ होऊन पट्टी सरकू शकते, म्हणून मी ती ट्रॅपमध्ये वापरत नाही.

स्प्रिंगसाठी फॉस्फर ब्राँझ किंवा पितळेचा शिम पत्रा, ०.०५ ते ०.१ मिमी जाडीचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीच्या भागात हार्डवेअरवाल्यांकडे विचारा. पत्रा मिळालाच नाही तर ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट साधारण ०.१ मिमीची असते, तिची घडी चालते. धातू जास्त टिकतो.

बाकी नवं ब्लेड, स्टीलची पट्टी, चिमटा, बारीक ब्रश, पांढरा लाकूडकामाचा गोंद, आणि धातू किंवा प्लास्टिकवर चिकटवायला सिंथेटिक रबरचा गोंद.

झटपट चिकटणारा सायनोअक्रिलेट गोंद अजिबात नको. त्याच्या वाफा शेजारच्या पृष्ठभागावर पांढरा थर सोडतात, मखमलीत मुरला तर लव काचेसारखी कडक होते, आणि पुढच्या माणसाला ती पट्टी काढता येत नाही.

३५ मिमी कॅमेऱ्यांना लावतात तो फोम चालेल का?

नाही. तो फोम पॉलीयुरेथेनचा असतो आणि दमट हवेत काही वर्षांत विघटन होऊन चिकट काळा चिखल होतो. ३५ मिमीच्या मागच्या झाकणात तो निदान एका जागी पडून असतो. होल्डरमध्ये त्याच्यावरून स्लाइड रोज सरकते, म्हणजे फोमचे कण थेट फिल्मवर जातात. शिवाय तो स्लाइडला पकडतो. आधीच्या कुणी फोम भरून ठेवला असेल तर तो लाकडी काडीने खरवडून काढा, उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

लाकडी होल्डर उघडायचा कसा?

हँडलच्या टोकाला खाचेवर एक पातळ पट्टी असते, लाकडाची किंवा धातूची. ती बारीक पितळी स्क्रूंनी किंवा खिळ्यांनी बसवलेली असते, कधी नुसती सरसाने चिकटवलेली. आधी भिंगातून नीट पाहा. काळ्या रंगाखाली स्क्रूची डोकी लपलेली असतात. रंग टाचणीने खाचेतून काढा, खाचेच्या रुंदीचाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, आणि सोडवण्याआधी स्क्रू किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवा. अडकलेला स्क्रू त्याने सुटतो. पितळ मऊ असतं, एकदा डोकं गेलं की ड्रिलशिवाय पर्याय उरत नाही.

सरसाने चिकटवलेली पट्टी असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या ब्रशने सांध्यावर ओल द्या, थांबा, पुन्हा द्या. सरस पाण्याने मऊ होतो. मग पातळ, बोथट पातं सांध्यात सरकवा. जोर लावायचा नाही. लाकडाला चपड्याचं पॉलिश असेल तर स्पिरिट किंवा अल्कोहोल त्याच्या जवळ आणू नका, पॉलिश विरघळून हाताला येतं.

उघडण्याआधी आणि प्रत्येक थर काढल्यावर मोबाइलने फोटो काढा. स्प्रिंगची घडी कोणत्या दिशेला होती हे उलट जोडताना कुणालाही आठवत नाही.

प्लास्टिकचे होल्डर?

रचना तीच, उघडणं अवघड. काहींना स्क्रू आहेत, काहींना रिव्हेट, काही चिकटवलेले. स्क्रूचे असतील तर जरूर दुरुस्त करा. रिव्हेट फोडून पुन्हा बसवण्याएवढं ते टोक मजबूत असतंच असं नाही, आणि त्याच मापाचा चांगला प्लास्टिकचा होल्डर अजून वापरलेल्या बाजारात सापडतो. अॅसिटोन प्लास्टिक विरघळवतो, त्याला दूर ठेवा.

मखमल लगेच बदलावी का, की आधी काही करून पाहता येतं?

लव नुसती बसली असेल, झडली नसेल, तर पट्टी बाहेर काढा, किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरा आणि मऊ टूथब्रशने उलट्या दिशेने विंचरा. लव पुन्हा उभी राहते आणि मूळ मखमल वाचते. हे होल्डरला जोडलेल्या पट्टीवर करू नका, वाफेने सरस सुटतो.

नवी मखमल कापायची आणि लावायची नीट पद्धत काय?

जुनी पट्टी फेकू नका, तीच तुमचं माप आहे. तिची लांबी, रुंदी आणि शक्य झालं तर दबलेली जाडी मोजा.

मखमल पालथी घाला. मागच्या बाजूला पाण्याने पातळ केलेला पांढरा गोंद ब्रशने अगदी झिरझिरीत लावा. गोंद विणीत मुरायला हवा, लवेपर्यंत पोहोचायला नको. पूर्ण वाळू द्या. आता कापड थोडं कडक होतं आणि कापल्यावर कडेचे धागे सुटत नाहीत. हे केलं नाही तर पहिल्याच दिवशी कडेच्या धाग्यांची काळी पूड निगेटिव्हवर पांढऱ्या केसांसारखी येईल.

लवेची दिशा बघा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखा मखमलीवरून हात फिरवला की एका बाजूला ती गुळगुळीत लागते, उलट्या बाजूला अडते. स्लाइड आत जाताना तिला गुळगुळीत बाजू लागेल अशी पट्टी ठेवा. कोपरा अडकण्याचा धोका आत जातानाच असतो.

कापताना लवेवरून कापू नका. मागून, स्टीलच्या पट्टीला लागून, ब्लेड दोन-तीनदा हलकं फिरवा. एका दमात दाबून कापलं की कड तिरकी येते. लांबीला पट्टी खाचेच्या दोन्ही टोकांना जेमतेम टेकली पाहिजे. अर्धा मिलिमीटर कमी पडली तरी कोपऱ्यातून उजेड येईल, जास्त झाली तर टोक दुमडून स्लाइडला अडेल. मी पट्टी मुद्दाम किंचित लांब कापतो, कोरडीच खाचेत बसवून बघतो आणि मग टोकं छाटतो.

चिकटवताना गोंद पट्टीला नव्हे, स्प्रिंगला लावा, तोही मधल्या भागात. कडा गोंदाने माखल्या तर दाबल्यावर गोंद लवेत चढतो. चिकटवल्यावर वर मेणकागद आणि एक सपाट पट्टी ठेवून हलका दाब द्या. जड वजन ठेवाल तर नवी लव पहिल्याच दिवशी बसेल.

नवी मखमल दाबून पाहिली असता मूळ मखमलीपेक्षा जाड भरत असेल तर दुसरा तुकडा शोधा. या दुरुस्तीत मी सगळ्यात जास्त काळजी जाडीची घेतो. जाड मखमल स्लाइडला घट्ट धरते, घट्ट स्लाइड ओढताना होल्डर पाठीपासून उचलला जातो, आणि ट्रॅप उत्तम असूनही फिल्मवर डाग येतो.

स्प्रिंग बदलावी लागते का?

काढल्यावर ती मोकळी ठेवा. घडीची दोन्ही पानं एकमेकांपासून खाचेच्या रुंदीपेक्षा स्पष्टपणे जास्त उघडत असतील तर ताण शिल्लक आहे. नसतील तर घडी बोटांनी हळूच, पूर्ण लांबीवर सारखी उघडा. एकाच जागी वाकवली तर लाट पडते आणि त्या लाटेतून उजेड जातो. घडीवर चीर दिसली तर नवी करा. पत्रा कात्रीने कापला की कड वळते, म्हणून तो पट्टीला लावून ब्लेडने वारंवार रेघ मारून तोडा. कडा बाराशेच्या पॉलिश पेपरने घासा. घडी करताना आत त्याच जाडीचा दुसरा तुकडा ठेवा, म्हणजे ती एकदम चिमटून पत्रा फाटत नाही.

दुरुस्तीनंतर स्लाइड घट्ट जाते. तेल किंवा मेण लावू का?

काहीही लावू नका. तेल, सिलिकॉन, ग्राफाइट, सगळं शेवटी फिल्मवर पोहोचतं. स्लाइडच्या कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने नितळ करा, मऊ कापडाने पुसा आणि दोन्ही स्लाइड काही वेळा सावकाश आत-बाहेर करा. एवढ्यानेही सुटली नाही तर मखमल जाड आहे किंवा पट्टी लांब आहे.

झडपेची कापडी बिजागरी फाटली आहे. चिकटपट्टी लावली तर?

विजेच्या कामाची पीव्हीसी टेप नको, उन्हात तिचा गोंद बाहेर येतो. बुकबाइंडरकडचं काळं बाइंडिंग कापड आणि पांढरा गोंद ही जोडी उत्तम. दुहेरी होल्डरांत झडप दोन्ही बाजूंना वळावी लागते, म्हणून जुन्या बिजागरीत झडप आणि मधल्या पाटीत (फिल्म जिच्यावर टेकते तिच्यात) जेवढी फट होती तेवढीच ठेवा. फट कमी झाली तर झडप पूर्ण उघडत नाही, जास्त झाली तर बंद असताना उजेड येतो. स्लाइड पूर्ण आत गेल्यावर तिची कड झडपेच्या खाचेत बसते आणि झडप कुलूपबंद होते. ती खाच गोंदाने भरू देऊ नका.

लाकडाचे कोपरे सुटले आहेत. आतून काळा रंग मारला तर चालेल?

सांध्यात पांढरा गोंद भरून दाबून ठेवा, गोंदात थोडी लॅम्प ब्लॅकची (काजळीची) पूड मिसळली की सांधा काळा होतो. रंगाच्या बाबतीत मात्र थांबा. ऑइल पेंट, जवसाचं तेल असलेलं व्हार्निश किंवा टर्पेंटाइन आतल्या बाजूला लावू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम जेम्स रसेल यांनी दाखवून दिलं, की अशी तेलं, काही ताजी राळयुक्त लाकडं आणि घासलेला जस्त पूर्ण अंधारातही फोटोग्राफिक प्लेट काळी करतात. कारण आहे वाळताना तयार होणारा हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याला रसेल परिणाम म्हणतात. होल्डरमध्ये फिल्म त्या रंगापासून काही मिलिमीटरवर, कधी आठवडाभर, बंद राहते. पाण्यात मिसळणारा मॅट काळा रंग पातळ लावा आणि पुरता वाळू द्या.

हाच नियम गोंदालाही. कोणताही सॉल्व्हंटवाला गोंद वापरला असेल तर झडप उघडी, स्लाइड बाहेर ठेवून होल्डर आठवडाभर हवेशीर ठेवा. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तोपर्यंत फिल्म भरू नका.

दुरुस्ती करताना फोकस बिघडू शकतो का?

मधल्या पाटीला किंवा रुळांना हात लावलात तर बिघडू शकतो. होल्डरच्या, कॅमेऱ्याच्या पाठीला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून फिल्म ज्यावर टेकते त्या पाटीपर्यंतचं अंतर अमेरिकन प्रमाणानुसार ४×५ साठी ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी. ५×७ साठी ०.२२८ इंच आणि ८×१० साठी ०.२६० इंच. ४×५ ला अधिक-उणे ०.००७ इंचाची सूट आहे, म्हणजे जेमतेम शीट फिल्मच्या स्वतःच्या जाडीएवढी. म्हणून पाटीवर कागद, टेप किंवा रंगाचे थर चढवू नका. डेप्थ व्हर्नियरने चार कोपरे आणि मध्य मोजून ठेवा. जुन्या लाकडी होल्डरांत पाटी मध्ये फुगलेली सापडते. एफ ३२ ला ते लपून जातं, एफ ५.६ ला चेहऱ्यावर दिसतं.

स्लाइडच खराब असेल तर?

बल्बसमोर धरून पाहा. जुन्या स्लाइड एबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) असतात, त्या उजेडाने तपकिरी होतात आणि वाकवल्या की तडकतात. तडकलेली स्लाइड जोडू नका. जोडावरची टेप ट्रॅपची लव उपटते. त्याच मापाच्या नादुरुस्त होल्डरची स्लाइड घेणं सगळ्यात सोपं. त्यासाठी चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दिसलेले तुटके होल्डरही मी घेऊन ठेवतो. बदलताना हँडलच्या दोन बाजू तपासा. पांढरी बाजू म्हणजे आत कोरी फिल्म, काळी म्हणजे एक्स्पोज झालेली, आणि पांढऱ्या बाजूचे उंचवटे अंधारात बोटांना लागले पाहिजेत.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

लाकूड फुगतं आणि जुलैत स्लाइड अडते. ती ओढाताण करून काढू नका आणि अडते म्हणून मखमल कापू नका, नोव्हेंबरात तोच ट्रॅप ढिला पडेल. दुरुस्तीचं काम कोरड्या ऋतूत करा. साठवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, पण लाकडी होल्डर हाडासारखे कोरडे करू नका, सांधे उघडतात. मखमलीवर बुरशी आली असेल तर ब्रशने घराबाहेर झाडा आणि ती मखमल बदलाच.

आजोबांच्या स्टुडिओतले हाफ प्लेटचे होल्डर आहेत. ते वापरात आणता येतील?

येतील. हे होल्डर काचेच्या प्लेटसाठी केलेले असतात. हाफ प्लेट म्हणजे ४¾ × ६½ इंच आणि फुल प्लेट ६½ × ८½ इंच. शीट फिल्म वापरायची तर ती धातूच्या पातळ शीदमध्ये (पत्र्याच्या पाकिटात) सरकवून प्लेटच्या जागी बसवावी लागते, नाहीतर फिल्म फोकसच्या मागे जाते. काही होल्डर पुस्तकासारखे उघडतात. त्यांत ट्रॅपइतकीच गळती मधल्या सांध्याच्या मखमलीतून होते, ती आधी तपासा. केरळात आळप्पुळ्याला १९४०च्या दशकात सुरू झालेल्या वागीश्वरी कॅमेऱ्यांसारखे भारतीय फील्ड कॅमेरे दक्षिणेतल्या अनेक स्टुडिओंत होते. त्यांचे होल्डर हाताने, त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून केलेले असत. म्हणून असा होल्डर शक्यतो त्याच्या मूळ कॅमेऱ्याबरोबरच तपासा आणि वापरा.

अशा वस्तूंवर काम करताना मूळ मखमल, स्क्रू आणि लाकडावरची पेन्सिलची अक्षरं जपून ठेवा. एका लिफाफ्यात घालून, काय बदललं ते लिहून होल्डरसोबतच ठेवा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, डॉ. नारायण दाजींसारखी माणसं तेव्हापासून इथे कॅमेरा चालवत होती. इतकी जुनी परंपरा असूनही तिची अवजारं आपल्याकडे फार कमी उरली आहेत.

इन्फ्रारेड फिल्मसाठी दुरुस्त केलेला होल्डर चालतो का?

वेगळी चाचणी केल्याशिवाय नाही. डोळ्याला ठार काळं दिसणारं काही प्लास्टिक आणि एबोनाइट इन्फ्रारेड आरपार जाऊ देतं, आणि आरसी पेपरला लाल उजेडही दिसत नाही, त्यामुळे वरची पेपर चाचणी इथे निरुपयोगी आहे. धातूच्या स्लाइडचा होल्डर निवडा, त्यात इन्फ्रारेड फिल्मचीच एक शीट भरून बंद होल्डर उन्हात ठेवा आणि डेव्हलप करून बघा. होल्डर भरणं-काढणं पूर्ण अंधारात, आणि कॅमेऱ्यापर्यंत नेताना तो काळ्या पिशवीत.